कोरडे अंग, मलिन पाणी

८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन एव्हरेस्टच्या शिखराकडे निघाले ते परतलेच नाहीत. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत, लोकर आणि गॅबर्डिन यांच्या एकावर एक घातलेल्या कपड्यांचे अवशेष होते. त्या पोशाखाने पर्वतावर काहीही अपायकारक मागे ठेवले नाही. २०१९ मध्ये याच पर्वतावरील बर्फाचे नमुने तपासले असता त्यांत कारखान्यांखेरीज कोठेही निर्माण न होणारी फ्लोरिनची संयुगे आढळली, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने गिर्यारोहकांचे कपडे व साहित्य हाच त्यांचा संभाव्य उगम असल्याचे दाखवून दिले. या दोन घटनांच्या दरम्यान गिर्यारोहकाच्या वेशभूषेत जी क्रांती झाली, तिचा जमाखर्च मांडण्याची वेळ आता आली आहे.

या क्रांतीमागील गरज खरी होती, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. थंड प्रदेशात ओला कपडा प्राणावर बेततो. मेणकापडाने पाऊस अडतो. परंतु घामही आतच कोंडतो आणि माणूस आतून भिजतो. यावर उपाय सापडला तो ऑक्टोबर १९६९ मध्ये. बॉब गोर या अमेरिकन संशोधकाने तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांबीला एकदम हिसडा देऊन ती ताणली, आणि त्यातून असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेला पदार्थ निर्माण झाला. ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी. त्यामुळे पाऊस बाहेर थोपतो आणि घामाची वाफ मात्र निसटून जाते. १९७६ पासून या पडद्याचे कापड बाजारात आले. पाणी घरंगळून जावे म्हणून कापडाच्या वरच्या बाजूला जो लेप दिला जाई, तोही बहुधा फ्लोरिनच्याच संयुगांचा असे.

घोडे पेंड खाते ते येथेच. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट असतो की निसर्गाला तो सहजासहजी तोडता येत नाही. पाण्याला दाद न देणे हा या संयुगांचा गुण, आणि कशालाच दाद न देणे हा त्यांचा दोष. 'पीफास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कुळात हजारो संयुगे आहेत. ती कारखान्याच्या सांडपाण्यातून व झिजणाऱ्या लेपातून बाहेर पडतात आणि नदीत, विहिरीत व अखेर माणसाच्या रक्तात उतरतात. त्यांपैकी 'पीएफओए' हे संयुग कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये दिला. पाण्यापासून रक्षण करणाऱ्या वस्त्राने पाणीच नासवावे, यापेक्षा मोठा विरोधाभास तो कोणता?

हा प्रश्न दूरदेशीचा आहे, असे समजून मराठी वाचकाने स्वस्थ बसू नये. इटलीत व्हिचेंझानजीक त्रिस्सिनो येथे एका वस्त्रोद्योगसमूहाने कापडाला जलरोधक करणाऱ्या रसायनांच्या संशोधनासाठी १९६० च्या दशकात एक संस्था काढली. पुढे तिचा मोठा कारखाना झाला. त्याच्या प्रदूषणाने सुमारे साडेतीन लाख लोकांच्या वस्तीचे भूजल बाधित झाल्याचे २०१३ पासून उघडकीस आले. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा ठोठावल्या. दरम्यान त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि ती आली रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत! यंत्रे तीच म्हणून प्रदूषणही तेच होईल, असा निष्कर्ष पुराव्यावाचून काढणे अन्यायाचे ठरेल. परंतु परिसरातील विहिरींचे व खाडीचे पाणी या संयुगांसाठी नियमितपणे तपासले जाते काय आणि त्याचे आकडे जनतेसमोर ठेवले जातात काय, हे विचारण्याचा अधिकार दाभोळ खाडीच्या काठच्या मच्छीमाराला निश्चितच आहे. व्हिचेंझाच्या रहिवाशांना हा प्रश्न विचारायला फार उशीर झाला होता.

मग गिर्यारोहकाने भिजत कुडकुडावे काय? मुळीच नाही. याच व्यवसायाच्या इतिहासात एक उद्बोधक उदाहरण आहे. इव्हॉन शुइनार या अमेरिकन प्रस्तरारोहकाचा धंदा खडकात ठोकण्याच्या पोलादी खिळ्यांवर चालत असे. त्या खिळ्यांनी कडे विद्रूप होत आहेत, हे दिसताच त्याच्या कंपनीने १९७२ च्या आपल्या सूचिपत्रातूनच गिऱ्हाइकांना खिळे सोडण्याचे आवाहन केले आणि हाताने बसवता व काढता येणारे अ‍ॅल्युमिनियमचे अडसर पुढे आणले. चालत्या धंद्यावर पाणी सोडूनही कारागिरी पुढे जाऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. आज कापडाच्या बाबतीतही तसेच घडू लागले आहे. २०२२ पासून गोरच्याच कंपनीने फ्लोरिनविरहित पडदा बाजारात आणला. कॅलिफोर्नियात २०२५ च्या आणि फ्रान्समध्ये २०२६ च्या आरंभापासून, काही अपवाद वगळता, अशा रसायनांच्या कपड्यांच्या विक्रीला कायद्याने बंदी झाली. पर्याय नाही, ही सबब आता टिकणारी नाही.

ग्राहकाचेही काही कर्तव्य आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच या पडद्यातून घाम नीट निसटतो. आषाढातल्या सह्याद्रीत हवाच ओलीचिंब असते. तेथे हा महागडा कपडा आपले निम्मे काम करतच नाही. राजमाची किंवा हरिश्चंद्रगड चढणाऱ्या विद्यार्थ्याने हिमालयासाठी घडवलेल्या कपड्याच्या मोहात पडण्याचे कारण नाही. साधा रेनकोट, अंगावर लोकर किंवा चटकन वाळणारे कापड आणि पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा जोड एवढ्यावर भागते. आणि जो खरोखरच हिमशिखरांवर जाणार आहे, त्याने दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : यात फ्लोरिन आहे काय?

डोंगरावर जाणारा माणूस निर्मळ पाण्याच्या ओढीने जातो. त्याच्या अंगावरून ओघळणारा थेंब खाली कोणाच्या तरी घागरीत पडणार आहे, याचे भान सुटले, तर शिखर गाठूनही त्याच्या पदरात फारसे काही पडणार नाही.