ऊन सर्वांचे, छत कोणाचे?

मराठवाड्याला पावसाने अनेकदा दगा दिला, उन्हाने मात्र कधीच दिला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण अद्याप ताजी आहे. ज्या उन्हाने आपल्याला इतके होरपळले, त्याच उन्हापासून घरासाठी वीज मिळविण्यास शासन आता अर्थसाहाय्य देत आहे. ही योजना नेमकी काय आहे आणि नांदेड-लातूरच्या सामान्य कुटुंबापर्यंत ती कितपत पोहोचू शकते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

केंद्र शासनाची ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घराच्या छतावर एक किलोवॉटचा संच बसविल्यास ३०,००० रुपये, दोन किलोवॉटसाठी ६०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटसाठी ७८,००० रुपये अनुदान मिळते. एक किलोवॉटच्या संचातून महिन्याला साधारणपणे १०० ते १२० युनिट वीज निर्माण होते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजनेद्वारे यात आणखी भर घातली. महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी ही भर आहे. एक किलोवॉटच्या संचाचा खर्च सुमारे ५०,००० रुपये धरला आहे. त्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास राज्याकडून १७,५०० रुपये मिळतात व त्याचा स्वतःचा वाटा केवळ २,५०० रुपये उरतो. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना ५,००० रुपये, तर इतरांना १०,००० रुपये भरावे लागतात.

‘मोफत’ या शब्दाचा अर्थही समजून घ्यावयास हवा. दिवसा जास्तीची वीज महावितरणच्या तारांत जाते, रात्री आपण तेथूनच वीज घेतो आणि मीटर या देवाणघेवाणीचा हिशेब ठेवतो. मात्र बॅटरी नसलेला असा संच, बाहेरील पुरवठा बंद पडताच स्वतःही बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी तशी व्यवस्था असते. त्यामुळे बिल कमी होते, भारनियमनातील अंधार हटत नाही. हे आधी न सांगितल्यास पुढे निराशा पदरी येते.

मोफत विजेच्या घोषणा आपल्याला नव्या नाहीत. २००४ च्या निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. निवडणुकीनंतर लातूरचेच विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना ती सवलत बंद झाली. बिलातील माफी राज्यकर्त्यांच्या मर्जीवर टिकते. छतावर बसविलेला संच मात्र नीट देखभाल केल्यास वीस-पंचवीस वर्षे वीज देतो व कुटुंबाच्या मालकीचा असतो. म्हणून हे धोरण आम्हांस पूर्वीच्या माफीपेक्षा अधिक हिताचे वाटते.

तरीही एक प्रश्न उरतो. एक किलोवॉटसाठी सुमारे शंभर चौरस फूट मोकळे व भक्कम छत लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. छत म्हणजे काय, हे या भागाला कोणी शिकवावयास नको. जुन्या माळवदाच्या किंवा गंजलेल्या पत्र्याच्या घराचे काय? नांदेड शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे काय? वीजजोडणी अजूनही दिवंगत आजोबांच्या नावावर असलेल्या एकत्र कुटुंबाचे काय? शिवाय केंद्राचे अनुदान संच बसून तपासणी झाल्यावर खात्यात जमा होते. तोवरची रक्कम उभी करण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागले, तर ते अनुदान कोणाच्या पदरात पडले?

म्हणून किती संच बसले, एवढ्याच आकड्यावर शासनाने समाधान मानू नये. ज्यांना छत नाही त्यांच्यासाठी शाळा वा ग्रामपंचायतीच्या छतावरील विजेत वाटा देण्याची वाट काढावी. ग्रामसभेत पात्र कुटुंबांची यादी मोठ्याने वाचली जावी. आणि आपणही एक काम करू शकतो. शिकलेल्या तरुणांनी शेजारच्या घरातील वीजबिल हाती घ्यावे, जोडणीवरील नाव तपासावे आणि अर्ज भरून द्यावा. ऊन सर्वांच्या अंगणात सारखेच पडते. त्याचा लाभही सर्वांना सारखाच मिळावा, हे पाहणे मात्र माणसांच्या हाती आहे.