गाडी लागते त्याचं काय?

आजच्या विषयाचं नाव काढलं की बायका आधी हसतात आणि मग हळूच म्हणतात, 'मला पण होतं.' विषय आहे गाडी लागणं.

सुरुवात सिनेमापासून करू. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा, अशी ती गोष्ट. पण बायकांनी तो सिनेमा असा काही उचलून धरला, की नऊवारी नेसून, काळे गॉगल लावून, घोळक्याने थिएटरात जायची टूमच निघाली. आम्ही चिरनेरच्या बायका तरी कशा मागे राहणार? टेंपो ट्रॅव्हलर ठरवली, पनवेलची तिकिटं काढली. महागणपतीच्या देवळापाशी गाडी उभी राहिली, गजरे माळून झाले, फोटो काढून झाले, आणि डोकी मोजली तर एक कमी. गटातल्या एक काकू आल्याच नव्हत्या. पैसे त्यांनी सगळ्यांच्या आधी भरले होते. गॉगलसुद्धा मुलाकडून मागून ठेवला होता. निरोप आला, डोकं दुखतंय, तुम्ही जा.

खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. 'मना गारी लागते गो. तुमची लुगरी खराब करू काय?'

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला माहेरी जाताना भर गाडीत त्यांना उलटी झाली होती. शेजारच्या बाईने सगळ्यांसमोर काहीबाही सुनावलं. तेव्हापासून दवाखान्याचं काम सोडलं तर काकू गाडीत बसत नाहीत. भाच्यांची लग्नं झाली, बारशी झाली, त्या गेल्या नाहीत. लोकांना वाटायचं, बाईला माणसांची हौस नाही.

आम्हाला ते ऐकून वाईट वाटलं आणि थोडी शरमही. इतकी वर्षं आम्हीच त्यांना 'घरकोंबडी' म्हणत होतो. मग ठरवलं, चैत्रात एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला जाऊ तेव्हा काकू बरोबर हव्यात. आणि त्याआधी हे गाडी लागणं म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घ्यायचं. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, थोडं वाचलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, हा पोटाचा आजार नाही. सुरुवात कानात होते. आपल्या कानाच्या आतल्या भागात, ऐकण्याच्या अवयवाशेजारीच, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन एकदम वळलं तर काय होतं आठवा. हंडा वळतो, पण आतलं पाणी क्षणभर मागे राहतं. कानातही तसंच. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे रेंगाळतो, तिथले केसासारखे बारीक तंतू वाकतात आणि मेंदूला निरोप जातो, आपण वळलो. नळ्यांच्या शेजारी आणखी दोन छोट्या पिशव्या असतात. गाडी वेग घेते, ब्रेक लागतो, खड्ड्यात आदळते, ते त्यांना कळतं.

आता तुम्ही गाडीत मधल्या सीटवर बसून मोबाइलवर रील बघताय. कान ओरडून सांगतोय, आपण हलतोय, डावीकडे वळलो, खाली गेलो. डोळे म्हणतात, छे, समोरचं सगळं जागच्या जागी आहे. दोन साक्षीदार, दोन जबान्या. मेंदूचा गोंधळ उडतो आणि जांभया, थंड घाम, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ अशी रांग लागते. त्यातून उलटीच का व्हावी? एक तर्क असा आहे की असा गोंधळ विष पोटात गेल्यावरही होतो, म्हणून मेंदू समजतो की काहीतरी वाईट खाल्लं, काढा बाहेर. हा तर्कच आहे, पण पटण्यासारखा.

सगळं कानावर आहे याचा पुरावा मोठा मजेशीर आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, माणूस अंतराळात जाण्याआधीच्या तयारीत, वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजातल्या अकरा बहिऱ्या पुरुषांवर प्रयोग झाले. त्यांतल्या बहुतेकांच्या आतल्या कानाची ही तोल सांभाळणारी यंत्रणा लहानपणीच्या आजारात निकामी झालेली होती. त्यांना बोटीत बसवून खवळलेल्या समुद्रात नेलं. ही मंडळी निवांत पत्ते खेळत बसली. प्रयोग करणारे शास्त्रज्ञच इतके आजारी पडले की प्रयोग थांबवावा लागला! आम्ही हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा या विषयावर हसल्या. डार्विनसारखा मोठा शास्त्रज्ञ १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षं बोटीने जग फिरला आणि त्याला समुद्र लागतच राहिला, हेही सांगितलं. मोरा बंदरातून पावसाळी हवेत लाँचने भाऊच्या धक्क्याला गेलेल्या मैत्रिणींना ते जास्त सांगायला नको. करंज्याच्या नाखवांना मात्र तीच लाट झोपाळ्यासारखी वाटते, कारण रोजच्या सवयीने मेंदू शिकतो. म्हणजे वर्षातून एकदाच गाडीत बसणाऱ्या बाईला त्रास जास्त होणार आणि त्रास होतो म्हणून ती वर्षभर बसणार नाही. काकू नेमक्या याच फेऱ्यात सापडल्या होत्या.

बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात वाढतो, आणि ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनाही जास्त होतो. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा होत नाही, पण त्यापुढे दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना खूप होतो. यात नाजूकपणाचा किंवा नाटकाचा काही संबंध नाही.

उपाय काय? ड्रायव्हरला गाडी का लागत नाही, त्यातच अर्धं उत्तर आहे. पुढचं वळण त्याला आधी दिसतं, शरीर तयार होतं. म्हणून जिला गाडी लागते तिने पुढे बसावं आणि लांबवर, जिथे आभाळ जमिनीला टेकतं तिथे बघत राहावं. सगळ्यात वाईट जागा मागच्या चाकाच्या मागे, शेवटच्या सीटवर. तिथे गाडी सर्वांत जास्त उसळते. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पुढची सीट घरातल्या मोठ्या पुरुषाला मानाची म्हणून जाते आणि सुना-पोरी मागच्या सीटवर दाटीवाटीने. आमचं स्पष्ट मत आहे, पुढची सीट गरजेप्रमाणे द्यावी, मानाप्रमाणे नाही. बसली की सीटबेल्ट लावायचा, हे वेगळं सांगत नाही.

डोकं मागे टेकवून स्थिर ठेवावं. अगदीच वाटलं तर डोळे मिटावेत, म्हणजे दुसरा साक्षीदार गप्प बसतो. मोबाइल पर्समध्ये. आमच्या गाडीत आगरी-कोळी गाण्यांशिवाय चाक हलत नाही, त्याला हरकत नाही. उलट गाणी, अंताक्षरी चांगली, निदान नजर फोनमधून वर येते. फक्त चालत्या गाडीत उभं राहून नाचू नका, नाच देवीच्या पायथ्याशी पोचल्यावर. वास मात्र सांभाळा. डिझेल, अगरबत्ती, अत्तर, आणि हो, पंधरा बायकांचे पंधरा मोगऱ्याचे गजरे बंद काचेच्या गाडीत, हा त्रास नसलेल्यालाही देतील.

आता पाण्याबद्दल, आणि हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रवासाला निघायचं म्हटलं की आपल्या आया-सासवा काय सांगतात? 'पानी नको पिव गो, रस्त्यान थांबाला नाय मिलनार.' आदल्या रात्रीपासून पाणी बंद, सकाळी नुसता चहा, पोट रिकामं. मग उन्हात डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळ वाढते आणि आपण म्हणतो गाडी लागली. निम्मा दोष तहानेचा असतो. त्यात लघवी दाबून ठेवायची. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाच्या मानाने फार आखूड, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात. पाणी न पिणं आणि तासन्‌तास धरून ठेवणं, दोन्हींनी जळजळ, ताप मागे लागतो. सहलीहून आलेल्या किती जणी आठवडाभर कुणाला न सांगता हे सोसतात!

म्हणून गाडी ठरवतानाच ड्रायव्हरदादांना सांगायचं, दर दीड-दोन तासांनी थांबायचं, आणि कुठे थांबायचं तेही ठरवून घ्यायचं. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह असणं बंधनकारक आहे. कुलूप असेल तर चावी मागायची, लाजायचं नाही. आम्ही मागितली. पहिल्या पंपावर नाही म्हणाले, पंधरा जणी खाली उतरल्यावर चावी सापडली.

निघण्याआधी हलकं खावं, घावन किंवा भाकरीचा तुकडा. तळकट नको, उपाशी तर नकोच. आल्याचा तुकडा काहींना बरा वाटतो, लिंबाचा वासही, त्यात नुकसान काही नाही. गोळ्या मिळतात, पण त्या निघण्याआधी घ्यायच्या असतात. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. त्यांनी झोप येते. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, काचबिंदू असलेल्या बायकांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. स्कूटी चालवत जाणार असाल तर अजिबात नको.

आणि एक गोष्ट कितीही घाई झाली तरी करायची नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढायचं नाही. दिघोडे, गव्हाण फाट्याच्या आपल्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर किती अंगाला घासून जातात ते रोज बघतो आपण. घाटात तर समोरून येणारी गाडी वळणावर दिसतही नाही. उलटी गाडीत झाली तर धुता येते. आमचा उपाय साधा आहे, श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणासकट. पिशवी फाटते, गळते, डबा नाही. सोबत ओला रुमाल आणि चूळ भरायला बाटली. उलटीनंतर लगेच घटाघट पाणी नको, घोट घोट, चिमूटभर मीठ-साखर घातलेलं.

तर २०२४ च्या चैत्रात आम्ही निघालो. काकू ड्रायव्हरशेजारी, बेल्ट लावून, मांडीवर डबा. पनवेलपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या समोर बघत होत्या. जुन्या रस्त्याने खोपोली सोडली आणि बोरघाटाची वळणं सुरू झाली. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडीवाले नाणं टाकतात तिथे आमचीही गाडी हळू झाली. त्याच्या थोडं पुढे काकूंना झालीच. एकदा. डबा कामी आला. गाणं थांबलं, गाडी गप्प झाली. काकूंनी चूळ भरली, झाकण लावलं, मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, 'गप कशाला झाल्याव? गाना लावा.'

गडाच्या पायऱ्या त्या आमच्यातल्या दोघीतिघींच्या आधी चढल्या. येताना सीट बदलू का विचारलं तर नाही म्हणाल्या, पुढून रस्ता छान दिसतो.

सिनेमा तोवर थिएटरातून कधीच उतरला होता. तो आम्ही एकीच्या घरी टीव्हीवर पुन्हा बघितला, खास काकूंसाठी, रात्री जेवणं उरकून. त्या मुलाचा गॉगल लावून बसल्या होत्या.