हातात झाडूच का, खडू का नाही?

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळे काढून एकाच जिल्ह्यासाठी निर्माण केलेले हे विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. केगावच्या त्याच्या आवारात आणि जिल्ह्यातील त्याच्या संलग्न महाविद्यालयांत कोणाची मुले शिकतात? मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, करमाळ्याच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारी शेतमजुरांची मुले. शहरात विड्या वळणाऱ्या मायमाउल्यांची, यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणाऱ्या कामगारांची मुले. यातली कितीतरी मुले घरातील पहिली पदवीधर होणार आहेत. त्यांच्या शिक्षणाचा प्रश्न हा आधी पोटाचा प्रश्न आहे, हे प्रस्थापितांना कधी कळले नाही.

साधा हिशेब मांडू. केंद्र सरकारने २०२१ मध्ये अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे दर सुधारले. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला, तो वसतिगृहात राहत असेल तर, वर्षाला ६,००० रुपये निर्वाहभत्ता. घरून ये-जा करीत असेल तर ३,००० रुपये. म्हणजे महिन्याला ५०० किंवा २५० रुपये! एवढ्यात महिन्याचे दोन वेळचे जेवण सोडा, चहासुद्धा भागत नाही. संशोधन करणाऱ्यांचीही कथा वेगळी नाही. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२१ च्या तुकडीतील आपल्या संशोधक मुलामुलींना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. तेव्हा शिकता शिकता चार पैसे कमावणे हा या मुलांचा शौक नाही, ती त्यांची गरज आहे.

या गरजेला महाराष्ट्रात एक उत्तर आहे. त्याचे नाव ‘कमवा व शिका’. प्रश्न असा आहे, की या योजनेतून आपल्या मुलाच्या हाती काम कोणते येते? ग्रंथालयातील पुस्तकांवरची धूळ झटकणे, बागेला पाणी घालणे, आवार साफ करणे, कार्यालयात फायली लावणे, टपाल पोचवणे. विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून सर्वसाधारणपणे हेच चित्र दिसते. कोणतेही काम हलके नसते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. कष्टाची लाज आमच्या बापजाद्यांनी कधी बाळगली नाही. पण रसायनशास्त्रात पहिला येणारा मुलगा बागेत पाणी घालणार आणि त्याच विभागात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोग समजावून सांगायला कोणी नाही, ही कसली व्यवस्था?

ही योजना ज्या परंपरेतून आली ती मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ असे संस्थेचे ब्रीदवाक्यच होते. तेथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकाच रांगेत उभी राहून खोरे-कुदळ चालवीत. शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळात हीच परंपरा ‘कमवा व शिका’ म्हणून रुजली. सोलापूरचे विद्यापीठ त्याच विद्यापीठाच्या पोटातून जन्मले आहे.

कर्मवीरांच्या वसतिगृहातील कष्ट जात मोडत होते, कारण ते सर्वांच्या वाट्याला येत होते. आज मात्र फी भरू शकणारा मुलगा वर्गात बसतो आणि न भरू शकणारा कामाला जातो. सर्वांनी केलेल्या श्रमाने जात तुटते. ज्याला गत्यंतर नाही त्यानेच केलेल्या श्रमाने जात घट्ट होते. चातुर्वर्ण्याने कामे वाटली ती माणसाची कुवत पाहून नव्हे, त्याचा जन्म पाहून. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी १९३६ साली याच अन्यायावर बोट ठेवले होते. विद्येच्या आवारात तरी तो नकळत पुन्हा घडू नये.

बाबासाहेबांनी स्वतः काय केले ते पाहा. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागल्यावर त्यांनी १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली. पगारातून काटकसरीने पैसे साठवले, त्यात राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे शिकवून कमावले आणि त्या कमाईवर शिकले! पुढे १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. आणि खुद्द सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेने दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सोलापूर नगरपालिकेने त्याला महिना ४० रुपये अनुदान दिले. ज्या शहराने शंभर वर्षांपूर्वी हे केले, त्या शहराने आज एक पाऊल पुढे टाकायला काय हरकत आहे?

ते पाऊल म्हणजे गरजू आणि हुशार विद्यार्थ्यांना अध्यापन सहायक म्हणून काम देणे. एम.ए., एम.एस्सी.ला शिकणाऱ्या मुलाने पहिल्या वर्षाच्या मुलांचा आठवड्यातून दोन-तीन तास सराववर्ग घ्यावा. प्रयोगशाळेत शिक्षकाच्या हाताखाली प्रयोग मांडून द्यावेत. अंध विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवावे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक पाहून गांगरतो. त्याच वाटेने दोन वर्षे आधी गेलेला मुलगा त्याचा हात धरू शकतो. सोलापूर तर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे शहर. भोवती बंजारा तांडे. वर्गात न समजलेली गोष्ट मुलाला त्याच्या घरच्या भाषेत समजावून सांगणारा सहायक अशा ठिकाणी किती उपयोगी पडेल!

हे काही आकाशातून पडलेले नाही. आय.आय.टी.त गेटमधून आलेला एम.टेक.चा विद्यार्थी आठवड्याला आठ तास अध्यापनात मदत करतो आणि त्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. तेथे त्याला कोणी ‘कमवा व शिका’वाला म्हणत नाही, त्याला ‘असिस्टंटशिप’ असे भारदस्त नाव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमातही संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास सराववर्ग, प्रयोगशाळा व मूल्यमापनाचे काम देता येईल, अशी तरतूद आहे. पण त्या तरतुदीत मोबदल्याचा आकडा नाही. मोबदला ठरला नाही, की काम फुकटचे होते. आणि फुकटचे काम कोणाच्या माथी येते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. मार्गदर्शकाच्या मर्जीवर ज्याचा प्रबंध अडकला आहे, तो ‘नाही’ म्हणणार कसा?

म्हणून हक्क कागदावर हवा. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले, तेथील उदाहरण घ्या. शिकवणारा विद्यार्थी हा कामगारही आहे, असा निर्णय अमेरिकेच्या कामगार मंडळाने २०१६ साली त्याच विद्यापीठाच्या प्रकरणात दिला. तरीही तेथील सुमारे ३,००० विद्यार्थी-कामगारांना नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ असा दहा आठवडे संप करावा लागला. पगारवाढ, आरोग्यविमा आणि भेदभाव-छळाच्या तक्रारींची निःपक्ष चौकशी या त्यांच्या मागण्या होत्या. अमेरिकेतल्या श्रीमंत विद्यापीठात ही गत, तर आपल्याकडे केवळ सद्भावनेवर विसंबून चालेल काय?

यात एक मोठा धोका आहे आणि तो आम्ही लपवून ठेवणार नाही. प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत. मागासवर्गीयांचा अनुशेष भरला जात नाही. नेट, सेट, पीएच.डी. झालेली आपली मुले तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबत आहेत. अशा वेळी ‘विद्यार्थीच शिकवतात, मग प्राध्यापक कशाला?’ असे म्हणायला सरकार मोकळे होईल. हे पूर्वीही घडले आहे. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल याने मोठ्या मुलांकरवी लहान मुलांना शिकवण्याची पद्धत वापरली आणि १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे इंग्लंडमध्ये ती पसरली, कारण एका मास्तराच्या पगारात शेकडो गरीब मुले ‘शिकवून’ होत होती. गरिबांच्या मुलांना स्वस्तातले शिक्षण आणि श्रीमंतांच्या मुलांना मास्तर, असा तो मामला होता.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. विद्यार्थी सहायकाचा एकही तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरू नये. रिक्त जागा आरक्षणासह पूर्णवेळ भराव्यात. सहायकांची निवड जाहिरात देऊन, आरक्षणाचे नियम पाळून व्हावी, विभागप्रमुखाच्या ओळखीने नव्हे. नाहीतर शिकवण्याचे काम ‘त्यांच्या’ मुलांना आणि झाडू पुन्हा आपल्या मुलांना, असेच होईल. मोबदला किमान वेतनापेक्षा कमी नसावा आणि दरमहा बँकेत जमा व्हावा. आठवड्याच्या तासांना मर्यादा असावी, परीक्षेच्या काळात सुटी असावी. कामाचे प्रमाणपत्र मिळावे. आणि हे काम मिळाले म्हणून कोणाची शिष्यवृत्ती कापली जाऊ नये.

‘विद्यार्थ्यांनी शिकवले तर गुणवत्तेचे काय?’ असा सूर निघेलच. मागासवर्गीयांच्या हाती काही येणार म्हटले, की गुणवत्तेचा उमाळा हमखास येतो. पण येथे वर्ग घेणारा प्राध्यापकच राहणार आहे. सहायक त्याच्या देखरेखीखाली सराव करून घेणार आहे. शिवाय दुसऱ्याला शिकवताना शिकवणाराही पक्का होतो. फळ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य पुस्तकातून येत नाही, उभे राहूनच येते. उद्याच्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत ‘अध्यापनाचा अनुभव काय?’ असे विचारले जाईल तेव्हा आपल्या मुलीकडे उत्तर असले पाहिजे.

सोलापूरच्या विद्यापीठाच्या अधिसभेत, विद्यार्थी विकास मंडळात हा विषय मांडणे अवघड नाही. आंबेडकरी विद्यार्थी संघटनांनी निवेदन घेऊन कुलगुरूंना भेटावे. आपल्या समाजाच्या प्राध्यापकांनी आपापल्या विभागात दोन सहायकांपासून सुरुवात करून दाखवावी. विद्येचे दार बाबासाहेबांनी आपल्याला उघडून दिले. त्या दारात आपली मुले केवळ झाडलोट करताना दिसू नयेत, आत फळ्यासमोर उभी दिसावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जयभीम!