शब्दांची टांकसाळ

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये शब्दांची जणू टांकसाळच सुरू होती. ‘पॉप्युलर अँटिक्विटीज’ या अवजड प्रयोगाऐवजी १८४६ मध्ये विल्यम थॉम्स यांनी ‘फोकलोर’ हा सॅक्सन घडणीचा शब्द सुचविला. तो जगभर रूढ झाला. डॉर्सेटचे धर्मोपदेशक-कवी विल्यम बार्न्स यांचा आग्रह याहून कडवा. ‘ग्रामर’ हा शब्द परका, म्हणून १८७८ मधील आपल्या ग्रंथाच्या नावात त्यांनी ‘स्पीचक्राफ्ट’ योजला. ‘ऑम्निबस’साठी ‘फोकवेन’ सुचविला. पण लोकांनी ‘ऑम्निबस’ची ‘बस’ केव्हाच करून टाकली होती! सोय करणारा शब्द तरला. केवळ सोवळे पाळणारा बुडाला. शब्दाचे नाणे पंडितांनी खुशाल पाडावे. ते खरे की खोटे, हे अखेर बाजारच ठरवितो. भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी याचे विस्मरण होऊ देऊ नये.