'टॉक्सिक'मधलं धनुष्य

चेंबूरजवळच्या माहुलवरच्या इंग्रजी बातम्यांत एक विशेषण हमखास भेटतं, 'टॉक्सिक'. आपण विषारी म्हणतो. फारसीतून आलेला 'जहरी'ही मराठीनं आपलासा केला आहे. कवीला शब्दाचं मूळगाव विचारायची खोड असते. मी शब्दकोश उघडला, तर हाती आलं धनुष्य!

प्राचीन ग्रीक भाषेत 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य. 'फार्माकॉन' म्हणजे औषध आणि विषही. बाणाला फासायच्या विषाला ग्रीक लोक 'टॉक्सिकॉन फार्माकॉन' म्हणत. पुढं विषवाचक शब्द गळून पडला, आणि धनुष्याचा शब्दच लॅटिनमध्ये 'टॉक्सिकम', म्हणजे विष, होऊन बसला. तिथून तो इंग्रजीत आला.

'हवा विषारी आहे' म्हटलं की दोष हवेचा वाटतो. धनुष्य आठवलं की बाण कुणी सोडला आणि लागला कुणाला, हे विचारावंच लागतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५मध्येच माहुलची हवा आरोग्याला घातक ठरवली होती. तरी २०१७पासून तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून तिथल्या कुटुंबांना माहुलला धाडलं गेलं. तिथं राहायची सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९मध्ये बजावलं.

विशेषण नुसतं वर्णन करतं. त्याचं मूळ मात्र जाब विचारतं.