दहा कामांची एक कळ : वर्डमधील मॅक्रो

मराठी अहवाल, परिपत्रक किंवा पुस्तकाची मुद्रणप्रत संगणकावर तयार करणाऱ्यांना एक अडचण वारंवार भेडसावते. मजकूर देवनागरीत असतो, पण त्यातील आकडे मात्र इंग्रजी. ते मराठी करायचे तर ‘फाइंड अँड रिप्लेस’ ही क्रिया शून्यापासून नऊपर्यंत दहा वेळा करावी लागते. पुढच्या प्रकरणाला पुन्हा दहा वेळा. त्यातून एखादा अंक सुटला, तर तो नेमका छापील पानावरच डोळ्यांत भरतो.

मायक्रोसॉफ्ट वर्डमधील मॅक्रोची सोय अशाच कामांसाठी आहे. ‘मॅक्रो’ म्हटले की प्रोग्रॅमिंग आले, या समजुतीने अनेकजण तिच्या वाटेला जात नाहीत. वस्तुतः ध्वनिमुद्रण करावे तसे आपल्या क्रियांचे येथे मुद्रण होते आणि हवे तेव्हा ते पुन्हा ‘वाजवता’ येते.

सरावासाठी मूळ फाइलची प्रत घ्यावी. ‘व्ह्यू’ या टॅबमधील ‘मॅक्रोज’खाली ‘रेकॉर्ड मॅक्रो’ हा पर्याय निवडावा. मॅक्रोचे नाव रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावे. त्याच चौकटीत ‘कीबोर्ड’वर क्लिक करून मॅक्रोसाठी कळांची जोडी ठरवता येते. ती जोडी आधीच कशासाठी वापरात आहे का, हे वर्ड तेथेच दाखवतो. ते जरूर पाहावे, नाहीतर कंट्रोल आणि एस दाबल्यावर फाइल जतन होण्याऐवजी आकडे बदलू लागायचे!

यानंतरची प्रत्येक क्रिया नोंदली जाते. कंट्रोल आणि एच दाबून इंग्रजी शून्याच्या जागी मराठी शून्य द्यावे, ‘रिप्लेस ऑल’ करावे आणि याच क्रमाने नऊपर्यंत जावे. शेवटी ‘स्टॉप रेकॉर्डिंग’. या कामात मजकूर निवडावा लागत नाही. पण अन्य मॅक्रोत तशी गरज पडल्यास शिफ्ट आणि बाणांच्या कळाच वापराव्यात, कारण मुद्रण चालू असताना माऊसने मजकूर निवडता येत नाही.

मॅक्रोला विवेक नसतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. ई-मेल आणि संकेतस्थळांच्या पत्त्यांतील आकडेही तो निमूटपणे मराठी करून टाकतो. चूक झाल्यास एकदा ‘अनडू’ करून भागत नाही. दहा बदलांसाठी दहा वेळा मागे जावे लागते. उलट, वर्डने आपोआप दिलेले परिच्छेद-क्रमांक तसेच राहतात, कारण ते टंकलिखित मजकुराचा भाग नसतात.

ऑल्ट आणि एफ-८ दाबून ‘एडिट’ केल्यास मॅक्रोची अंतरंगे दिसतात. त्या संपादकाला देवनागरी अक्षरे दाखवता येत नाहीत. त्यामुळे ‘०’ऐवजी तेथे २४०६ आणि ‘९’ऐवजी २४१५ हे युनिकोड क्रमांक आढळतील. ते पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही.

खरी सावधगिरी हवी ती इतरांकडून आलेल्या मॅक्रोंबाबत. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या फाइलमधील मॅक्रोतूनच पसरला. फाइल उघडताच तो आउटलुकच्या यादीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला धाडत असे. म्हणूनच वर्ड २००७ पासून मॅक्रो असलेल्या फाइलला ‘डॉकएम’ हे वेगळे शेपूट लागले, तर २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो वर्ड मुळातच रोखून धरतो. अनोळखी फाइलने मॅक्रो चालू करण्याची गळ घातली, तर ती सरळ बंद करावी.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वर्डमध्ये मॅक्रो चालत नाहीत. लिबरऑफिसमध्ये मुद्रणाची सोय आहे, परंतु ‘ऑप्शन्स’मधील ‘अॅडव्हान्स्ड’ विभागात जाऊन ती आधी सुरू करावी लागते. वर्डमध्ये मुद्रित केलेले मॅक्रो एरवी ‘नॉर्मल डॉट डॉटएम’ या साच्यात साठतात. संगणक बदलताना या फाइलची प्रत सोबत घेतली नाही, तर नव्या यंत्रावर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.