३.४ सेकंदांची चोरी

चोरी करणे नियमाला धरून आहे आणि चोऱ्यांचा हिशेबही अधिकृत तक्त्यात मांडला जातो, असा एक खेळ आहे. तो म्हणजे अमेरिकेतला बेसबॉल. बिली हॅमिल्टन नावाच्या तरुणाने २०१२ सालच्या एका हंगामात अशा १५५ चोऱ्या केल्या. सिनसिनाटी रेड्स या संघाचा तो उमेदवार होता आणि त्या वेळी मायनर लीगमध्ये खेळत होता. मायनर लीग म्हणजे मोठ्या संघांच्या तालमीच समजा. तिथे चमकलेल्याला वरच्या संघात जागा मिळते, बाकीचे बहुतेक जण तिथूनच घरी परततात. तिथला आधीचा विक्रम विन्स कोलमनचा, १९८३ सालचा, १४५ चोऱ्यांचा होता.

हा खेळ आपण फारसा पाहत नाही, म्हणून आधी चोरी म्हणजे काय ते पाहू. मैदानात एक चौरस कल्पा. त्याची बाजू ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. धावपटू पहिल्या बेसवर उभा आहे. चौरसाच्या मध्याजवळून पिचर फलंदाजाकडे चेंडू फेकतो. फलंदाजामागे कॅचर असतो, आपल्या यष्टिरक्षकासारखा. पिचरने हालचाल सुरू करताच धावपटू दुसऱ्या बेसकडे धूम ठोकतो. कॅचर चेंडू झेलून तो दुसऱ्या बेसवर फेकतो. तिथल्या क्षेत्ररक्षकाने हातातल्या चेंडूसह धावपटूला आधी स्पर्श केला तर तो बाद, नाहीतर बेस चोरीला गेला!

आता घड्याळ लावू. आकडे ढोबळ आहेत, पण खऱ्याच्या जवळचे आहेत. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडेपर्यंत सुमारे १.३ सेकंद जातात. कॅचरपासून दुसरा बेस म्हणजे चौरसाचा कर्ण. पायथॅगोरसला विचारा, ३८.८ मीटर. उठून चेंडू फेकायला आणि तो तिथे पोहोचायला मिळून २.० सेकंद लागतात. स्पर्श करायला ०.१ सेकंद धरा. एकूण ३.४ सेकंद.

धावपटूचे काय? क्रिकेटमध्ये समोरच्या टोकाचा फलंदाज जसा क्रीजच्या पुढे सरकतो, तसा हाही आधीच साडेतीन-चार मीटर पुढे सरकलेला असतो. शेवटी तो जमिनीवर घसरत जातो आणि त्याचा पाय किंवा हात शरीराच्या पुढे बेसला लागतो. (हे घसरणे दिखाऊ नाही बरे का! दुसऱ्या बेसच्या पुढे निघून जाणे धोक्याचे असते. पायावर थांबायचे तर बऱ्याच आधीपासून वेग कमी करावा लागेल. घसरणाऱ्याचा वेग मात्र घर्षण अगदी शेवटी खाते.) म्हणजे प्रत्यक्षात धावायचे अंतर उरते सुमारे २२.५ मीटर. वेगवान खेळाडू सेकंदाला ९ मीटर धावतो. भागाकार करा, उत्तर आले २.५ सेकंद. मग जवळजवळ एक सेकंद हातात उरतो की!

पण इथेच फसगत होते. धावपटू उभ्यानेच सुटतो, पहिल्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. त्वरण एकसारखे मानले, तर वेग घेण्यात वाया जाणारा काळ = वेग ÷ (२ × त्वरण). त्वरण दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद धरले, तर हा काळ ०.६४ सेकंद येतो. शिवाय पिचर हलला हे डोळ्यांनी टिपून पाय उचलायला ०.२ सेकंद लागतात. बेरीज ३.३४ सेकंद. धावपटू वाचला, पण केवळ सहा शतांश सेकंदांनी! तेवढ्या वेळात तो जेमतेम अर्धा मीटर धावतो.

हेच गणित सेकंदाला ८.२ मीटर धावणाऱ्या सर्वसाधारण खेळाडूसाठी करून पाहा. उत्तर ३.५३ येईल. तो बाद. पण पिचर आळशी असेल आणि १.५ सेकंद घेत असेल, तर तोच खेळाडू थोडक्यात वाचेल. उलट पिचरने पाय फारसा न उचलता १.२ सेकंदांत काम उरकले, तर सगळ्यांत वेगवान धावपटूही बाद होईल.

मायनर लीगमध्ये हॅमिल्टनने १९२ प्रयत्नांत १५५ बेस चोरले होते, म्हणजे शंभरात ८१. वरच्या संघातून २०१४ साली पूर्ण हंगाम खेळताना मात्र ७९ पैकी ५६ प्रयत्नच साधले, शंभरात ७१. हा फरक साधा नाही. बाद होण्याने होणारे नुकसान एका बेसच्या फायद्यापेक्षा मोठे असते. ढोबळमानाने चारांत तीन चोऱ्या साधल्या नाहीत, तर न धावलेलेच बरे. वर पिचर आणि कॅचर दोघेही सरस असतात, आणि त्यांनी मिळून एक दशांश सेकंद वाचवला की आपल्या ३.३४ चे काय होते ते वर आलेच आहे.

आणि २०१५ साली? ६५ प्रयत्नांत ५७ चोऱ्या, शंभरात ८८! पाय तेच होते. एका वर्षात कोणाचा कमाल वेग एवढा वाढत नाही. माझ्या मते फरक शोधायचा तो पहिल्या ०.२ सेकंदांत. पिचरचा खांदा किंवा टाच आधी हलते का, हे ओळखता आले की त्यातला निम्मा काळ वाचू शकतो. एवढाच फायदा नुसता कमाल वेग वाढवून मिळवायचा, तर तो सेकंदाला जवळजवळ ९.५ मीटर करावा लागेल. तरुण उमेदवारांना नुसते पळवत ठेवणाऱ्या प्रशिक्षकांनी हा हिशेब जरूर मांडावा. अर्थात एक अडचण कोणत्याही वेगाने सुटत नाही. पहिला बेस चोरता येत नाही, तो फलंदाजीतूनच मिळवावा लागतो, आणि हॅमिल्टनची फलंदाजी बेताचीच होती.

२०२३ साली मोठ्या लीगने नियम बदलले. त्यांची चाचणी आधी मायनर लीगमध्येच झाली होती. बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच केली, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधले अंतर ११.४ सेंटिमीटरने घटले. तसेच पुढे सरकलेल्या धावपटूला टिपण्यासाठी पिचर पूर्वी हवे तितक्या वेळा पहिल्या बेसकडे चेंडू फेकू शकत असे. आता एका फलंदाजासाठी अशा दोनच संधी मिळतात. तिसऱ्या वेळी धावपटू बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस फुकट मिळतो. २०२२ साली २,४८६ असलेल्या चोऱ्या २०२३ साली ३,५०३ झाल्या. आता तुम्हीच करून पाहा. ११.४ सेंटिमीटरने किती काळ वाचला? आणि पिचरचा धाक कमी झाल्यामुळे धावपटू आणखी ३० सेंटिमीटर पुढे सरकला, तर किती?